न मोडलेला पंख

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. अण्णांना, माझ्या थोरल्या भावाला, तर नाहीच — ती त्यांच्याच वाट्याला आलेली असूनही. जो एक माणूस ती जाणून होता तो आता या जगात नाही, आणि होता तोवर त्याने ती मला एकदाही बोलून दाखवली नाही. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. कुठलं सोपं? कितीदा लिहायला बसलो, आणि दर वेळी चार ओळींनंतर लक्षात आलं की मी स्वतःची वकिली करतोय. कागद फाडायचा, पुन्हा बसायचं. या वेळी फाडणार नाही. मध्येच मी वकिली करताना दिसलो तर तुम्हीच ओळखा.

मी हैदराबादेतल्या एका सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. उत्क्रांतीचा भाग माझ्याकडे असतो, आणि त्यातला प्राण्यांच्या फसवणुकीचा तास मुलांना फार आवडतो. विषारी फुलपाखराचे रंग अंगावर घेऊन पाखरांना चकवणारं साधं फुलपाखरू. दाणा सापडलेला नसताना दाण्याची हाक देऊन कोंबड्यांना जवळ बोलावणारा कोंबडा. मुलं हसतात. मग उन्हाळ्याच्या तोंडाला मी त्यांना मलकपेठला नेतो. रेसकोर्सच्या पलीकडे अजून थोडं माळरान उरलं आहे, तिथे टिटव्या उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालतात. कुत्रं जवळ आलं की टिटवी आधी ओरडत अंगावर जाते. तेवढ्याने भागलं नाही तर कधी कधी ती दुसरी गोष्ट करते — जमिनीवर उतरते, एक पंख मोडल्यासारखा ओढत लंगडत जाते. कुत्रं तिच्या मागे लागतं, अंड्यांपासून लांब जातं, आणि पुरेसं लांब गेलं की टिटवी सरळ उडून जाते. पंखाला काहीही झालेलं नसतं.

यंदा एका मुलीने विचारलं, “सर, आपण ढोंग करतोय हे तिला कळत असेल का?”

मी म्हणालो, “कळत नसावं. कळत असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं.”

“म्हणजे आमच्या मामासारखी,” ती म्हणाली, आणि सगळी मुलं खो खो हसली.

मीही हसलो. पण परत येताना बसमध्ये ते माझंच वाक्य माझ्याकडे बघत बसलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा फितूर होतो. आवाज फितूर होतो, तळहाताला घाम सुटतो. समोरचा ओळखतो. पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे तल्लख होत गेले असतील तर खोटं बोलणाऱ्यांपैकी कोण तगलं असेल? ज्याचा चेहरा फितूर होत नाही तो. आणि कुणाचा होत नाही? ज्याने आधी स्वतःलाच पटवलंय त्याचा. हा माझा अंदाज, सिद्ध केलेलं शास्त्र नव्हे. पण मला त्यासाठी माळरानावर जायची गरज नव्हती. मी आरशासमोर दाढी करताना रोज त्या जातीचा एक नमुना बघत आलोय.

बघा — आतापर्यंत मी पक्ष्यांबद्दलच बोललो. हीही वकिलीच. निसर्गच तसा, मग मी कोण? असं म्हणायची सोय करून ठेवली. चीड येते मला या माणसाची.

तर सरळ सांगतो.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू मुलूख आंध्रात गेला, कानडी म्हैसुरात, आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात. आम्ही हैदराबादेत नल्लकुंट्यात राहत होतो. आजोबांपासून घराणं निजामाच्या नोकरीत, मूळ गाव औरंगाबादेजवळचं. वडील वारलेले. अण्णा माल खात्यात, म्हणजे महसुलात, होते, मी नुकताच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो होतो. आणि आई अंथरुणावर होती. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. आईचा बांधा मोठा. तिला उचलायला, कूस बदलायला, न्हाणीत न्यायला दोन माणसं लागत — एकाने खांद्याखाली हात घालायचा, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. खांदे अण्णांकडे, पाय माझ्याकडे. तिला जे मोजके शब्द स्पष्ट बोलता येत त्यात हे दोन होते : “दोघं धरा.” एकट्याने उचलायला गेलं की ती घाबरायची. “दोघं धरा, दोघं धरा.”

घराघरांत त्या वर्षी एकच बोलणं. तुम्ही जाणार का राहणार? नोकरदारांची वाटणी व्हायची होती. बऱ्याच जणांना विचारणार होते, काहींना न विचारताच पाठवणार होते. आमच्याकडे अण्णांनी ठरवलं होतं — गेलो तर दोघांनी जायचं, राहिलो तर दोघांनी राहायचं. का, ते सांगायला नकोच. जेवताना त्यांनी मला विचारलं आणि मी म्हणालो, “जाऊ या की.” अण्णांनी लगेच आपलं नाव औरंगाबादला देऊन टाकलं.

आमच्या विभागाचे प्रमुख कादरी साहेब. पन्नाशीचे, शेरवानीतले, बेडकाच्या हृदयावर बोलायला लागले की तास संपल्याचं भान नसलेले. त्यांनी आम्हा मराठवाड्याच्या मंडळींना एकेकाला बोलावून विचारलं. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

“आप तो भाई के साथ औरंगाबाद जाएँगे?”

“नहीं साहब. मैं यहीं रहना चाहता हूँ.”

“और वालिदा?”

“भाई हैं ना, साहब.”

आई कुठे असेल असं विचारत होते ते, आणि मी म्हणालो, भाऊ आहे ना. त्यांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, “सोच लीजिए.” मी म्हणालो, सोचून झालंय.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ताटावर बसलो आणि अण्णांना सांगितलं की साहेब मला सोडत नाहीत. वरपर्यंत बोलून त्यांनी मला अडकवून ठेवलंय. हे सांगताना माझा घास अडकला, डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अण्णा ताटावरून उठले आणि त्यांनी कादरी साहेबांना पहिली शिवी दिली.

आता माझी खरी अडचण ऐका. मला प्रसंग वेगळाच आठवतो. कादरी साहेब खुर्चीत मागे रेललेत, चष्मा काढून पुसतायत, आणि म्हणतायत, “तुम्हें मैं नहीं छोड़ूँगा.” आवाजासकट आठवतं. फॉर्मलिनच्या वासासकट आठवतं. हे कधीही घडलेलं नाही. मी अण्णांना सांगण्यासाठी ते रचलं, मग वहिनींना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं — आणि कधीतरी, कधी ते मला सांगता येणार नाही, माझं मीच ते खरं मानलं. किती वर्षं मी सरकारवर मनापासून चिडत होतो. आईपासून तोडलं म्हणून. मोडका पंख ओढत ओढत मी इतका लांब आलो की पंख खरंच दुखायला लागला. याला काय म्हणायचं? मला त्या चहाचीच आठवण धरून ठेवावी लागते, रोज, कारण ढिली सोडली की दुसरी येऊन बसते.

अण्णांनी हातपाय आपटले. खात्यात जाऊन आपलं नाव मागे घेता येतं का पाहिलं; उशीर झाला होता, बदलीचा हुकूम निघाला होता. मग ते म्हणाले की मी तुझ्या साहेबाला भेटतो, पाया पडतो. मी त्यांना जाऊ दिलं नाही. म्हणालो, तो माणूस फार अपमान करतो. म्हणालो, आपल्या लोकांवर त्याचा राग आहे.

हे वाक्य पुन्हा वाचा. मी वाचतोय. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला फार वर्षं झाली नव्हती. आमच्यासारख्या घरात कादरी या नावाच्या माणसाबद्दल असं काही सांगितलं तर कुणी पुरावा मागणार नाही हे मला ठाऊक होतं. विचार करून ते नाव वापरलं असं नाही म्हणणार — पण न विचार करता माणूस इतकं अचूक वागतो का? ज्या माणसाने मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशी दाखवली, माझ्या वडिलांच्या तेराव्याला जो येऊन अंगणात बसून गेला, त्याला मी आमच्या घरात राक्षस करून ठेवला.

गाडी काचीगुड्याहून होती. आईला वेताच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी फलाटावर आणलं. सामान चढवून झालं, आणि समोरून कादरी साहेब येताना दिसले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. पण निघणाऱ्याला निरोप द्यायला यायचं ही त्यांच्या पिढीची रीत, त्यात आईला ते ओळखत होते. हातात हिरव्या कापडाची पट्टी होती, तिच्यात रुपया शिवलेला. इमाम जामिन. आमच्या शहरात प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर ती बांधतात, आणि सुखरूप पोचल्यावर सोडून आतला पैसा गरिबाला देतात. आमच्या शेजारच्या मुसलमान बाया आम्हालाही लहानपणी बांधायच्या.

अण्णा मध्ये उभे राहिले. अण्णा शांत माणूस. त्या दिवशी ते सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“एक भाई को रोक लिए तुम, अब दुआ देने आए? शरम है कुछ? अपाहिज औरत है. दो बेटे लगते उसको उठाने के लिए. दो. ये हिसाब समझता तुमको?”

कादरी साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. क्षणभरच. त्यांना सगळं कळलं, आणि कळलेलं मला दिसलं. एक वाक्य पुरेसं होतं त्यांना. “मैंने नहीं रोका, इसी ने कहा.” आणि मी आयुष्यातून उठलो असतो.

ते म्हणाले, “ख़ता हुई मुझसे. काम का लड़का है, छोड़ने को दिल नहीं माना. माफ़ कर दीजिए.”

हात जोडून म्हणाले. माझ्यापेक्षा दुप्पट वयाचा माणूस, शेरवानीत, हमालांच्या आणि ट्रंकांच्या गर्दीत. अण्णा तोंड फिरवून म्हणाले, “माफी ऊपरवाले से माँगो.” मी काय करत होतो? मी आईच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो. आतून सुटल्यासारखं वाटत होतं — हे लिहायला हात धजत नाही, पण वाटत होतं. जमलं. लांब गेलं कुत्रं.

आईने डावा हात पुढे केला. तिला काय समजलं, काय नाही, मला माहीत नाही. कादरी साहेबांनी वाकून तिच्या दंडावर ती पट्टी बांधली. मग आम्ही दोघांनी तिला उचललं — अण्णांनी खांदे, मी पाय — आणि डब्यात ठेवलं. ते माझं शेवटचं उचलणं. मी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत साहेबांनी एवढंच विचारलं, “वालिदा ख़ैरियत से पहुँचीं?” त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं एका खोलीत काम केलं. माझ्या प्रबंधावर त्यांनी रात्रंदिवस मेहनत घेतली. फलाटाचा विषय कधी निघाला नाही. ते गेले तेव्हा मी जनाज्याला खांदा दिला. त्यांचा मुलगा मला म्हणाला, अब्बा तुम्हाला फार मानायचे. मी तिथेही काही बोललो नाही.

औरंगाबादेत आईचे पाय वहिनी उचलायच्या. लहानखुरी बाई. सहा वर्षं त्यांनी ते केलं, दिवसातून कितीदा ते त्यांनाच माहीत. मी सुट्टीत जायचो तेव्हा मोठ्या उत्साहाने पुढे व्हायचो, “वहिनी, सरका, मी आहे ना.” आठवडाभर. मग परत. पुढे वहिनींची कंबर गेली. आज त्या काठीशिवाय उठत नाहीत आणि भाकरी उभ्यानेच थापतात, बसलं की उठवत नाही म्हणून. मागच्या खेपेला मी ओट्याजवळ होतो. त्या हसत म्हणाल्या, “तुमच्या त्या कादरीची देणगी आहे बरं का ही, भाऊजी.” त्यांची मुलंसुद्धा हेच नाव घेत मोठी झाली. काही बिघडलं — दूध उतू गेलं, सायकल पंक्चर झाली — की त्या घरात म्हणतात, कादरीने केलं. गंमत म्हणून. मीही एकदा त्या गमतीत सामील झालोय.

आई गेल्यावर, दिवस उरकल्यावर, अण्णांनी मला देवघरापाशी नेलं आणि ती हिरवी पट्टी दाखवली. काळी पडली होती. मी म्हणालो, अजून आहे ही? पोचल्यावर सोडायची असते.

“सोडायला गेलो होतो की,” अण्णा म्हणाले. “स्टेशनवर उतरल्या उतरल्या. हात लावू देईना. मी म्हटलं, आई, आपण पोचलो. तर मान हलवायची, नाही, नाही. चार दिवसांनी समजलं मला — तू कुठे पोचला होतास? तिच्या लेखी प्रवास संपलाच नव्हता. फाटली की वहिनी तुझी टाका घालायची. शेवटपर्यंत तशीच.” मग ते म्हणाले, “तुझा काय दोष त्यात. तुला कुणी येऊ दिलं नाही.”

तिथे सांगायचं होतं. त्याहून चांगली जागा कोणती? मी पट्टी त्यांच्या हातात परत दिली.

इथे थांबलो तर तुम्हाला वाटेल की सगळं सांगून झालं. मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा आहे. नोकरीसाठी राहिलो, सूक्ष्मदर्शकासाठी राहिलो, सांगायची हिंमत झाली नाही, बास. तरुण होतो. ही कबुलीसुद्धा चांगली दिसते की नाही? हाही एक पंखच आहे. याच्यामागे अंडी आहेत.

तर ते. अण्णांनी नाव द्यायच्या आधी, त्याच जेवणाच्या वेळी, मला एक विचारलं होतं. म्हणाले, “का रे, त्यापेक्षा सगळे इथंच राहू या का? मला तर नल्लकुंटा सोडवत नाही. तुझंही कॉलेज बरं चाललंय.” अण्णांना राहायचं होतं. त्यांचे मित्र इथे, पत्त्यांचा अड्डा इथे, सगळं आयुष्य इथे. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर आम्ही सगळेच राहिलो असतो, मला नोकरीही मिळाली असती आणि सूक्ष्मदर्शकही, आणि कुणाशी खोटं बोलायची वेळच आली नसती.

मी म्हणालो, “नाही अण्णा. आईला आपल्या मुलखातली हवा मानवेल. जाऊ या की.”

ते बोलताना मी जाणार नाही हे मला माहीत होतं. महिनाभर आधीपासून माहीत होतं. मला नुसतं राहायचं नव्हतं — मला त्यांनी जायला हवं होतं. आई घरात नको होती. तिचा वास नको होता, ती हाक नको होती, दर दोन तासांनी ते गुडघ्यांखाली हात घालणं नको होतं. माझ्यावर प्रेम करणाऱ्या बाईला मला दूर कुठेतरी पाठवायचं होतं, आणि पाठवणारा मी नाही असं सगळ्यांना दिसायला हवं होतं. मलासुद्धा.

काचीगुड्याहून मी चालत घरी आलो. आईची खाट भिंतीला टेकवून उभी केली, तिच्या जागी टेबल आणलं. मग झोपलो. दुपारपासून दिवेलागण होईपर्यंत झोपलो. इतकी गाढ झोप मला त्याआधी दोन वर्षांत लागली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

टिटवी निदान पिलांसाठी लंगडते.

अण्णा आता निवृत्त झालेत. ती पट्टी अजून त्यांच्या देवघरात आहे, आतला रुपया त्यांनी कुणाला दिलेला नाही. मी कायमचा तिकडे आलो की माझ्या हातून देऊ, असं ते म्हणतात. मला कुणीही अडवलं नव्हतं, त्यांना जायला मीच लावलं, आणि ज्या नावाने त्या घरात बोटं मोडतात तिथे माझं नाव हवं — एवढं त्यांना आणि वहिनींना तोंडाने सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.